डबीला झोपू न देणारे काका

झोप या गोष्टीवर इतका राग धरणारा दुसरा माणूस अख्ख्या दिंडोशीत शोधून सापडायचा नाही. स्वतःच्या झोपेवर नाही हं. स्वतः ते दुपारी जेवले की खुर्चीत बसल्या बसल्या घोरतात, आणि ते घोरणं दोन मजले खाली माझ्या स्वयंपाकघरात ऐकू येतं. त्यांचा राग एका डबीच्या झोपेवर. साबणाच्या डबीएवढी पांढरी प्लास्टिकची डबी, आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी एका पाइपाला बांधलेली. तिचा डोळा लागू नये म्हणून या माणसाने स्वतःचे गुडघे झिजवले, बायकोच्या मिक्सरचा प्लग बळकावला आणि सोसायटीच्या सेक्रेटरीला, म्हणजे मला, सकाळ-संध्याकाळ दारात उभं केलं. मी त्यांना काका म्हणते. नात्याचे कोणी नाहीत, पण त्यांच्याइतका छळ नात्यातल्यांनीही मला केलेला नाही.

डबी बसवली त्यांच्या मुलीने. एकुलती एक पोर, कॉलेजात असताना तिने हा उद्योग केला. वारा मोजायला गरगर फिरणाऱ्या तीन वाट्या, पावसाचं भांडं, उष्णता आणि दमटपणा बघणारी जाळीची पेटी, तळहाताएवढी सोलरची पाटी, आणि या सगळ्यांचे आकडे गोळा करणारी ही डबी. काकांच्या घरातलं वायफाय पकडून ती ते आकडे इंटरनेटवरच्या एका पानावर नेऊन ठेवायची, आणि ते पान जगात कुठेही बसून उघडता यायचं. पुढे पोरगी शिकायला कॅनडाला गेली आणि तिथेच नोकरीला लागली. जाण्याआधी तिने बापाला गच्चीवर नेऊन सगळं समजावलं. डबी पंधरा मिनिटं झोपते, क्षणभर उठते, आकडे पाठवते, परत झोपते. तिला झोपू दिलं नाही तर बॅटरी पुरायची नाही. काकांनी मान डोलावली. शेवटी ती म्हणाली, "आणि बाबा, मी रोज बघेन हं." एवढंच काय ते काकांच्या डोक्यात राहिलं, बाकीचं सगळं विमानाबरोबर उडून गेलं.

ती गेल्यावर आठवड्याच्या आत काकांनी फोनवर खुडबुड करून डबीची झोप बंद करून टाकली. मी विचारलं, असं का केलंत? तर म्हणाले, "ती बघणार सात वाजता आणि हिने शेवटचं सांगितलेलं पावणेसातला. म्हणजे पोरीला शिळं वाढायचं?" मी म्हटलं, काका, पंधरा मिनिटांत ऊन शिळं होत नाही. "तुझ्याकडे होत नसेल," म्हणाले, आणि मग एकदम मालवणीवर आले, "अगो, तां निजला तर चेडवाक काय दिसतला?" डबी झोपली तर मुलीला काय दिसणार, हा प्रश्न. काका एरवी आपल्यासारखंच बोलतात, मालवणी बाहेर पडली की समजायचं वाद संपला. त्यात त्यांचा जन्म गेला एका औषधांच्या कंपनीत टाइमकीपर म्हणून. कोण उशिरा आला, कोण पाळी चालू असताना गोणीवर डोकं टेकून पडलाय, हे हुडकून काढायचे. झोपणाऱ्यावर विश्वास ठेवायचा नाही हे त्यांच्या हाडात मुरलेलं, मग तो झोपणारा माणूस असो की डबी.

झोप गेली आणि बॅटरीची वाट लागली. सकाळी भरून लावलेली बॅटरी संध्याकाळी मान टाकायची. शेजारी नवा टॉवर उभा राहिल्यापासून सोलरच्या पाटीवर ऊन येतं न येतं. मग काकांनी बॅटऱ्यांचा एक संच वर आणि एक घरात, अशी पाळीच लावली. वरचा संच खाली आला की मिक्सरच्या जागी चार्जिंगला. काकू पाट्यावर चटणी वाटता वाटता म्हणायच्या, "माझ्या बाळंतपणात एवढे जागले नव्हते हे." आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही आणि गच्चीची किल्ली एकच, ती सेक्रेटरीकडे, असा नियम आहे. हा नियम मीच केला, काय अवदसा आठवली होती कोण जाणे. काका चौथ्या मजल्यावरून दुसऱ्यावर किल्लीला यायचे, तिथून गच्चीवर जायचे, परत किल्ली द्यायला खाली. मी म्हटलं, दुसरी किल्ली करून देते, तुमच्याकडेच ठेवा. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी गोणीवर डोकं टेकून पडले होते. "नियम म्हणजे नियम," म्हणाले.

हळूहळू अख्ख्या बिल्डिंगचं हवामान त्यांनी ताब्यात घेतलं. जिन्यात कोणी "काय काका, बरं ना?" विचारलं की उत्तर यायचं, "एकोणतीस पॉइंट चार." दुपारी माझा जरा डोळा लागतोय तोच बेल. दारात काका. "पापड घालू नकोस आज वाळत. दमट आहे." मी म्हणायचे, मी पापड विकत आणते हो. "मग आणलेले नीट झाकून ठेव." मोबाईलवर हवामान बघणाऱ्याची त्यांना कीव यायची. "तो मुंबईचं सांगतो. मुंबई केवढी, काय अंदाज? तिकडे मालाडला ऊन असतं, इथे ढग असतात, मध्ये फक्त हायवे आहे. मला मुंबई नको सांगूस, मला आपल्या गच्चीचं सांग." आणि खोटं कशाला बोलू, आमच्या गच्चीचं ते अगदी बरोबर सांगायचे. माझी धुणीभांडी करणारी बाई गोधड्या भिजवायच्या आधी त्यांना विचारून यायची.

फक्त एकदा घोळ झाला. संक्रांतीनंतर कुठल्याशा पतंगाचा मांजा त्या वाऱ्याच्या वाट्यांना गुंडाळला गेला आणि वाट्या जागच्या जागी अडकल्या. काकांनी सगळ्यांना सांगून टाकलं, वारा पूर्ण पडलाय. त्या दिवशी डोंगराकडून असा वारा सुटला होता की तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींची साडी उडून समोरच्या जांभळावर जाऊन बसली. मी काकांना म्हटलं, वारा आहे हो. "शून्य आहे," ते म्हणाले. काका, तुमचा सदरा फडफडतोय. "तो सदऱ्याचा प्रश्न आहे." शेवटी कॅनडाहून मुलीचा मेसेज आला, बाबा, वाट्यांना काहीतरी अडकलंय बघ, तेव्हा काका वर गेले आणि मांजा सोडवून आले. आल्यावर चेहरा असा फुललेला, मला वाटलं चूक कळल्याची लाज वाटेल, तर कसलं काय. दारात उभं राहून मला म्हणाले, "बघते हं ती. रोज बघते."

तेव्हा मला या प्रकरणाचा खरा पत्ता लागला. पोरगी वाईट नाही हो, गोड आहे. पण तिकडे जाऊन सहा-सात वर्षं होत आली. सुरुवातीला रोज फोन, मग रविवारी, मग जमेल तसा. आणि फोन आला तरी बापलेक बोलणार काय? काकांना प्रेमाने बोलायचं म्हणजे घशात अडकतं. "जेवलीस का" विचारून झालं की फोन काकूंच्या हातात. त्यांना जे काही सांगायचं होतं ते सगळं त्या डबीकडून जायचं. आज इतकं ऊन, इतका वारा, आम्ही आहोत, गच्ची आहे, तू बघ.

मग एका उन्हाळ्यात सकाळी पाणी आलं आणि टाकी भरून वाहिली. ते पाणी उडालं थेट पावसाच्या भांड्यात. त्या भांड्यात एक चिमुकला झोका असतो, पाणी साठलं की कलंडतो आणि डबी एक आकडा पुढे सरकवते. भर एप्रिलात आमच्या गच्चीवर पाऊस नोंदला गेला. दहा मिनिटांत मुलीचा फोन. तिकडे रात्र, ती झोपायच्या बेतात, पण हसू आवरेना. "बाबा, आपल्याकडे पाऊस?" काका पळत वर गेले, टाकीचा प्रकार बघितला, खाली येऊन तिला सांगितला, ती आणखी हसली, आणि त्या दिवशी बापलेक चक्क अर्धा तास बोलले. काकू मला सांगत होत्या, फोन ठेवल्यावर हे गॅलरीत जाऊन उभे राहिले आणि बराच वेळ आत आलेच नाहीत.

पुढच्या महिन्यात मी कपडे काढायला गच्चीवर गेले, तर काका टाकीशेजारी, हातात स्वयंपाकघरातला तांब्या. मी म्हटलं, काय करताय? "भांडं तपासतोय," म्हणाले आणि तांब्या पाठीमागे लपवला. मी दोरीवरचे कपडे काढून खाली आले. त्या दिवशी फोन आला म्हणे. पुढच्या वेळी तांब्या चढला तेव्हा फोन नाही, पण मेसेज आला. त्याच्या पुढच्या वेळी काहीच नाही. काकू म्हणाल्या, "पोर कामात असेल." काका म्हणाले, "पाऊस कमी पडला असेल."

या वर्षी थंडीत त्यांचा गुडघा साफ बसला. डॉक्टरांनी जिने बंद केले. एवढं होऊनही दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बॅटऱ्यांची पिशवी घेऊन निघाले, तर काकूंनी दार लावून घेतलं आणि कडीसमोर खुर्ची टाकून बसल्या. मग काकूंनीच मुलीचा नंबर देऊन मला कामाला लावलं. मी गच्चीवर, मुलगी फोनवर. ती म्हणाली, "ताई, तिला झोपू दे आता. मी सांगते तसं दाब." मी दाबलं. तिने समजावूनही सांगितलं, झोपेत असताना पण डबी पावसाचे झोके मोजत असते, फक्त ते उठल्यावर सांगते. मी हो हो म्हटलं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये ऐकते तसं ऐकलं, म्हणजे नाही ऐकलं. शेवटी ती म्हणाली, "बाबा चिडेल ना?" मी म्हटलं, चिडू दे गं. एरवी ती यावर हसली असती, पण नुसतं म्हणाली, "बरं, ठेवते," आणि फोन बंद झाला. मला ते जरा खटकलं, पण किल्ली, पिशवी, फोन सांभाळत जिना उतरायचा होता.

काका चिडले नाहीत. त्याहून वाईट झालं, त्यांनी डबीवर पाळत ठेवली. स्वतःला वर जाता येईना, मग मला पाठवायला लागले. "जा गो, जिवंत आहे का बघून ये." मी वर जायचे, डबी गप्प. हिरवा दिवा बंद. काका खालून फोनवर, "बटण दाबून बघ." मी बटण दाबायचे, बिचारी उठायची, दिवा लागायचा. काका म्हणायचे, "चालू आहे ना? मग ठीक." झोपलेल्याला हलवून उठवायचं आणि विचारायचं, झोपलास का रे, ही आपल्याकडची जुनी खोड. ती एका यंत्राच्या नशिबी आली आणि हलवणारी मी.

दोन आठवडे गेले, तीन गेले, मुलीचा फोन नाही. मेसेज यायचा, "मी बरी आहे, काम आहे." काकूंनी देवापुढे दिवा लावताना वेळ जास्त घ्यायला सुरुवात केली. काकांनी बेल वाजवणंच सोडलं. दुपारी मला बिनधास्त झोपता येत होतं आणि झोप येत नव्हती. एका सकाळी मी विचारपूस करायला वर गेले, तर काका खुर्चीत, फोन मांडीवर, तेच पान उघडलेलं. माझ्याकडे न बघता म्हणाले, "एक तांब्या घालशील काय गो वर?" सोसायटीची सेक्रेटरी म्हणून मी काहीतरी ठणकावून बोलायला हवं होतं. मी काकूंकडे बघितलं. काकूंनी मुकाट्याने तांब्या भरून माझ्या हातात दिला.

गच्चीवर फेब्रुवारीचं लख्ख ऊन. कठड्यापलीकडे डोंगर दिसत होता. मी कानाला फोन लावून भांड्यात तांब्या ओतला. काका खालून, "घातलंस?" घातलं. "शून्यच आहे. अजून घाल." टाकीच्या नळाखाली तांब्या भरून पुन्हा ओतला. "शून्य. हळू घाल, धार बारीक ठेव." धार बारीक ठेवली. "शून्य." काकांचा आवाज कापायला लागला होता. "झोका अडकलाय की काय? घाल गो, घाल अजून." आणि मी वेड्यासारखी घालत राहिले, कारण त्या आवाजाला नाही म्हणण्याची माझी छाती नव्हती. पाच-सहा तांबे झाले असतील. तेवढ्यात डबीवरचा हिरवा दिवा लुकलुकला आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बाईसाहेब झोपल्या होत्या. झोपेत सगळं मोजत होत्या आणि आता उठून सगळं एकदम सांगणार होत्या. खालून काकांचा आवाज आला, "अरे देवा. ढगफुटी झाली."

मी धावत खाली पोचले तोवर फोन वाजतच होता. काका उचलेनात, काकूंनी उचलून स्पीकरवर ठेवला. मुलगी म्हणाली, "बाबा, काय चाललंय गच्चीवर?"

"पाऊस," काका म्हणाले.

"ऊन आहे ना तिथे?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या हातात तांब्या. म्हणाले, "आहे."

"पाऊस पडला की पारा उतरतो बाबा, दमटपणा वाढतो. तुझ्या पावसात काहीच हलत नाही. असा पाऊस फक्त तूच पाडतोस." ती हसत होती, पण हसू धड नव्हतं. काका म्हणाले, "म्हणजे तुला आधीपासून माहीत होतं?" ती म्हणाली, "टाकीचा सोडून सगळे माहीत होते. तू बोलावतोयस, कळायचं ना मला."

"मग आली का नाहीस फोनवर?"

आम्ही तिघं त्या फोनकडे बघत बसलो. मग ती म्हणाली, "आवाजावरून तुला कळलं असतं म्हणून नाही केला. तसं काही झालेलं नाहीये बाबा. नोकरी ठीक आहे, तब्येत ठीक आहे. पण इथे महिना झाला सूर्य नाही. अंधारात जाते, अंधारात येते. घरी बोलायला कोणी नाही. झोपायच्या आधी ते पान उघडते. आपल्या गच्चीवर सव्वीस डिग्री असतं, ऊन असतं. ते बघते आणि मग झोप लागते. शिळं असलं तरी चालतं मला." आणि मग पोरगी रडायला लागली. काकू पदर तोंडाशी धरून आत गेल्या. मी जायला उठले, तर काकांनी हाताने बस म्हणून खूण केली. एकट्याने ते ऐकणं त्यांना जमणार नव्हतं.

काकांनी घसा साफ केला. मला वाटलं, आता म्हणतील, जेवलीस का. ते म्हणाले, "येतेस काय गो घरी?" इतक्या वर्षांत हे वाक्य त्या घरात कोणी उच्चारलं नव्हतं, तिच्या वाटेत आडवं येईल म्हणून. ती म्हणाली, "रजा नाही रे बाबा. या वर्षी नाही जमणार." काका म्हणाले, "बरं." परत म्हणाले, "बरं." मग खुर्चीत जरा पुढे सरकले, फोन तोंडाजवळ घेतला आणि विचारलं, "तिकडे आज हवा कशी आहे?"

बापाने असं विचारायची ही पहिलीच वेळ होती, हे माझ्या लक्षात आलं आणि बहुतेक त्यांच्याही. रोज इकडचं ऊन मोजून पाठवणाऱ्या माणसाने तिकडे काय आहे ते एकदाही विचारलं नव्हतं. ती नाक ओढत सांगायला लागली. उणे किती, बर्फ किती, खिडकीतून काय दिसतं, बस यायला किती वेळ लागतो, हातमोज्यात बोटं कशी बधिर होतात. काका ऐकत होते, मध्येच एखादा प्रश्न विचारत होते. "वारा कुठून येतो? खिडकी नीट लागते ना?" मी तांब्या ओट्यावर ठेवून हळूच बाहेर पडले.

आता डबी बिनघोर झोपते आणि वेळेवर उठते, मिक्सरला त्याचा प्लग परत मिळालाय. काका रोज सकाळी मुलीला फोन करतात, आधी तिकडची हवा विचारतात. आमच्या जिन्यात हल्ली कोणी त्यांना "बरं ना?" विचारलं तर "उणे अठरा" असं उत्तर येतं, आणि आपली माणसं घामाने भिजलेली असली तरी गंभीरपणे मान हलवतात. हसावंसं वाटतं, पण हसवत नाही. पोरगी कधी येईल हे काकांना माहीत नाही, तिलाही नाही. तो विषय त्यांनी पुन्हा काढलेला नाही. फक्त गेल्या महिन्यात एकदा सकाळी बेल वाजली. माझे हात पिठाचे, तशीच दार उघडायला गेले. काका एकटेच, गुडघ्याला पट्टा बांधून दोन मजले उतरून आलेले, दम लागलेला. म्हणाले, "तिकडे आज ऊन पडलं."

मी म्हटलं, आत या, बसा, चहा टाकते. "नको," म्हणाले, "खाली सांगायचंय अजून." आणि कठडा धरून एकेक पायरी उतरायला लागले.